सिंहमुखी कडीचा आवाज परत आला

दारावरची जुनी सिंहमुखी कडी आपटली की ठणठणीत आवाजाऐवजी नुसतं 'भद्द' व्हायचं. उतरवून आधी चुंबक लावलं. चिकटलं नाही, म्हणजे लोखंड नाही. मागून जरासं खरवडलं, तर आतही तोच पिवळेपणा. अस्सल पितळ!

कडीवरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपरला हात लावला नाही. स्वयंपाकातून बाद झालेल्या भांड्यात पाणी आणि खायचा सोडा घालून मंद आचेवर ठेवली. रंग पापुद्र्यांनी सुटला. आयाळीत अडकलेला लाकडी काडीनं काढला. तेव्हा खरी कारागिरी दिसली. ओतकाम झाल्यावर कुणीतरी छिन्नीनं एकेक बट मोकळी केली होती, आणि डावीकडच्या बटा उजवीपेक्षा खोल होत्या. साच्यावरून साचा काढलेल्या नकलेत या रेषा बोथट होतात.

आवाजाचं दुखणं वेगळंच निघालं. कडी ज्या खिळीवर झुलते ती झिजली होती. त्यामुळे कडी खाली ओघळून धातूच्या गुंडीऐवजी लाकडावर आपटत होती. भोक किंचित मोठं करून जाड पितळी खीळ बसवली. स्क्रूही पितळीच घेतले, कारण पितळाला लागून असलेलं लोखंड ओल मिळाली की लवकर गंजतं.

चकाचक मात्र केली नाही. खाचांमधला काळपटपणा राहू दिला, वरून मेणाचा हात फिरवला.

आवाज आता आतल्या खोलीपर्यंत येतो. बेल तशीच ठेवलीय. कुरियरवाले कडीकडे बघतही नाहीत.