बांधाचा पाझर ग्लासात धरून बघा
स्वतःच्या जागेत हौसेने मातीचा छोटा बांध घालून तळं केलं असेल, तर बांधाच्या कोरड्या बाजूच्या पायथ्याशी नियमित चक्कर मारा. मातीतून थोडं पाणी पाझरतंच, त्याने घाबरायचं कारण नाही. ते पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर पाणी आतली माती वाहून नेतंय, भराव पोखरला जातोय. असा बांध काही तासांतही फुटू शकतो. बाहेरून सिमेंट थापून तोंड बुजवू नका. पाणी दुसरीकडून वाट काढतं. खालच्या बाजूला राहणाऱ्यांना सावध करा, पातळी उतरवायला घ्या आणि धरणांची माहिती असलेल्या इंजिनिअरला लगेच बोलवा. पाणी फार झपाट्याने उतरवलं तर आतला ओला उतार घसरू शकतो, म्हणून ते किती वेगाने उतरवायचं, हेही त्याला विचारा.

बांधावर झाडं नकोत, सावली कितीही हवीशी वाटली तरी. मुळं कुजली की पाण्याला आयता रस्ता मिळतो. आखूड कापलेलं गवत उत्तम, त्यात बिळं आणि भेगा लगेच दिसतात. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळी लावली असेल, तर ती काढाच. पालापाचोळ्याने ती तुंबते आणि पाणी बांधावरून वाहू लागतं.