पंपावर मेंदूचा आकडा घसरला? या चुका टाळा

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये पेशंट बायपासवर, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या पंपावर आहे. रक्तदाब ६५, धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन १०० टक्के, आणि मेंदूतला ऑक्सिजन दाखवणाऱ्या कपाळावरच्या सेन्सरचा आकडा ६८ वरून ५० वर. 'सेन्सर सुटला असेल' म्हणत अलार्म दाबून टाकणं, ही बायपासवरची सगळ्यात महागात पडणारी चूक. हा सेन्सर ज्या रक्ताचं मोजमाप करतो, त्यातलं जवळपास पाऊण रक्त शिरांमधलं असतं. म्हणून मेंदूला मिळतं किती आणि तो वापरतो किती, याचा मेळ तिथे दिसतो. बोटावरचा ऑक्सिमीटर हे सांगूच शकत नाही.

सेन्सर लावण्याआधी कपाळावरचं कुंकू, अष्टगंध, तेल नीट पुसून त्वचा कोरडी करा. बेसलाइन (सुरुवातीचा आकडा) मात्र ऑक्सिजनचा मास्क लावण्यापूर्वीच घ्या. नंतर घेतलेली फुगलेली असते आणि बेसलाइनपासून २० टक्के घट झाली की सावध व्हायचं, हा सगळा हिशेब तिथेच चुकतो.

एकाच बाजूचा आकडा पडला तर आधी मान वळली आहे का आणि महाधमनीतला कॅन्युला (पंपाची नळी) सरकलाय का, ते बघा. दोन्ही बाजू पडल्या की अनेकांचा हात थेट रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाकडे जातो. थांबा, रक्ताचा रिपोर्ट पाहा. ऑक्सिजनेटरचा (पंपावर फुफ्फुसाचं काम करणाऱ्या भागाचा) गॅस जास्त सोडल्याने कार्बन डायऑक्साइड २८ पर्यंत उतरला असेल, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. गॅस कमी करून तो ४० च्या आसपास आणला की आकडा बऱ्याचदा आपोआप सावरतो. झडपेच्या ऑपरेशनला आलेल्या ४० किलोच्या बाईंमध्ये पंपातल्या द्रवानेच हिमोग्लोबिन खूप खाली येतं, तेही तपासा.

सगळ्यात जास्त निसटते ती वरच्या महाशिरेची अडचण. तिथला कॅन्युला अडला की डोक्यातलं रक्त तुंबतं. धमनीचा दाब छान दिसतो, पण मेंदूच्या वाट्याला येतो त्यातून शिरेचा दाब वजा करून उरलेलाच. ड्रेपखाली वाकून चेहरा बघा. सुजलेला, निळसर दिसला तर सर्जनना लगेच सांगा, संकोच करू नका.

थंड केलेल्या पेशंटचा बीआयएस (भुलेची खोली दाखवणारा आकडा) कमी दिसला, म्हणून भूल पुरेशी आहे असं धरू नका. परत गरम करताना मेंदूची भूक वाढते, तेव्हा घाई नको आणि धमनीत जाणारं रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

आकडा शेवटपर्यंत उत्तम राहिला तरी सेन्सरने पाहिलेला असतो फक्त कपाळामागचा भाग. मागे अडकलेली गुठळी त्याला दिसत नाही. आयसीयूत शुद्ध येताच दोन्ही हात-पाय हलवून घ्या.