सूक्ष्म कर्जात पैसे घालण्याआधीची तयारी : कोकणातल्या गुंतवणूकदारासाठी

सूक्ष्म कर्जाच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, बहुधा बायकांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांच्या (मायक्रोफायनान्सच्या) व्यवसायात पैसे घालायचे असतील तर व्याजाचा टक्का सगळ्यात शेवटी बघा. ज्या बाईच्या हातात ही रक्कम जाणार ती हप्ता कशातून भरणार आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यांत तिच्याकडे काहीच येत नाही, हे आधी समजून घ्या. बाकीची तयारी त्यानंतरची.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. पेन्शनची रक्कम, लावणीचा खर्च, मुलांच्या शिक्षणाची ठेव यांना हात लावायचा नाही. पुढची तीन वर्षं लागणार नाही अशा शिलकीचा फार तर दहावा हिस्सा या कामासाठी ठेवा, आणि पहिल्या वर्षी त्याच्याही निम्माच घाला. ही कर्जं बिनतारण असतात. हप्ता थकला तर विकून पैसे उभे करावेत असं मागे काही नसतं.

मग वाट निवडा. सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे स्मॉल फायनान्स बँकेतली मुदत ठेव. या बँकांचा मोठा कर्जव्यवहार छोट्या कर्जदारांशीच असतो, आणि एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल-व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं कवच आहे. म्हणून व्याज धरून 5 लाखांच्या आत राहील एवढीच ठेव एका बँकेत ठेवा. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही, हे ध्यानात असू द्या. दुसरी वाट मायक्रोफायनान्स कंपनीच्या रोख्यांची, म्हणजे एनसीडीची. त्यासाठी डीमॅट खातं लागतं आणि रोखे विकणारा प्लॅटफॉर्म सेबीकडे नोंदलेला आहे का ते तपासावं लागतं. इथे ‘सुरक्षित’ या शब्दावर फार विसंबू नका. या रोख्यांमागे बहुधा कंपनीच्या येणे कर्जांचंच तारण असतं, आणि ती कर्जं मुळात बिनतारण आहेत. तिसरी वाट पीअर-टू-पीअर प्लॅटफॉर्मची, म्हणजे एका व्यक्तीचे पैसे दुसऱ्या व्यक्तीला कर्जाने मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाची. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईल. चौथी शेअर बाजाराची, म्हणजे अशा कंपन्यांचे शेअर घेण्याची. तिथे भाव वर्षभरात निम्मा झाला तरी ज्याची झोप उडत नाही त्यानेच जावं.

दोन वाटा मात्र बंदच ठेवा. ओळखीच्या मासळीवालीला किंवा खानावळवालीला आपणच व्याजाने पैसे द्यावेत असं अनेकांच्या मनात येतं. हेतू चांगला असला तरी परवान्याशिवाय व्याजाचा व्यवहार धंदा म्हणून करणं हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा आहे. तसंच, ‘आमच्या मायक्रोफायनान्समध्ये ठेव ठेवा, महिन्याला 3 टक्के घ्या’ म्हणत कोणी दारात आला तर त्याला तिथूनच परत पाठवा. एनबीएफसी-एमएफआय प्रकारच्या, म्हणजे बँक नसलेल्या आणि सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांना लोकांकडून ठेवी घेण्याची मुभाच नाही. संस्थेचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. एखाद्या शब्दाच्या फरकाने मिळतंजुळतं नाव घेऊन फसवणारे असतात. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते.

आता कर्जदाराकडे वळू, कारण खरा धोका तिथे कळतो. 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, वर्षाला 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं बिनतारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. त्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाऊ नयेत, अशी मर्यादा आहे. सोन्यावरचं कर्जही त्यात धरायचं असतं. कागदावर हे नीट दिसतं, पण कोकणात आणून बघा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. समजा, मासळी विकणाऱ्या एका घरात वर्षाला 2,40,000 रुपये येतात. बाराने भागलं की महिन्याला 20,000, म्हणजे 10,000 पर्यंतचा हप्ता नियमात बसला. प्रत्यक्षात तो पैसा दहा महिन्यांत येतो. जून-जुलैत सुके बोंबील, सोडे, सुकट विकून जे हाती येईल तेवढंच, आणि त्याच दोन महिन्यांत शाळेची फी, वह्या-पुस्तकं, छपरावरची ताडपत्री आणि लावणीची मजुरी. हप्ता मात्र 10,000 चाच. अशा घरात जुलैचा हप्ता बहुधा दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरला जातो, आणि गुंतवणूकदाराला दिसतं ते ‘वसुली उत्तम’.

म्हणून ज्या धंद्यांना कर्ज जातंय त्यांचं कॅलेंडर स्वतः एका कागदावर मांडा. काजूगर फोडणारीला फेब्रुवारी ते मे या काळात कच्ची बी घ्यायला एकरकमी पैसे लागतात, विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी. आंबापोळी, आगळ, आमसुलं करणारीचा खर्च एप्रिल-मेमध्ये आणि मोठी विक्री चाकरमानी गणपतीला आले की. पेणच्या मूर्तिकाराची माती-रंगाची उधारी महिनोन् महिने चालते, पैसा भाद्रपदाच्या तोंडावर एकदम येतो. मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासांची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची. पावसात बोटी किनाऱ्याला आणि खोल्या रिकाम्या. दर महिन्याला सारखा हप्ता यातल्या कोणालाच सोयीचा नाही. हप्ते किती किती दिवसांनी भरायचे हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवण्याची लवचीकता देणारं धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेलं असावं, असं 2022 च्या नियमांतच आहे. तुम्ही जिथे पैसे लावताय त्या संस्थेने ते धोरण कोकणात कुठे वापरलं, असा लेखी प्रश्न पाठवा. उत्तर गोल गोल आलं तर ती संस्था सोडा.

जमलं तर एखाद्या कर्जदार बाईच्या संमतीने तिचं कर्जकार्ड बघा. ते मराठीत हवं. त्यावर वार्षिक व्याजदर, प्रक्रिया शुल्क, विम्याची रक्कम आणि तक्रारीचा नंबर हवा. तोंडी ‘फक्त 12 टक्के’ सांगितलं असेल तर हिशोब करा: 40,000 रुपयांवर सपाट (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लावलेल्या) 12 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज 9,600, हप्ता 2,067. घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, पूर्ण कर्जावर नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायला मनाई आहे. या गोष्टी पाळल्या जात नसतील तर तुमचं व्याज कोणाच्या तरी अपमानातून येतंय. अशा ठिकाणी पैसे लावू नयेत, हे आमचं ठाम मत आहे. व्यवहार म्हणूनही ते वाईटच, कारण जिथे वसुली दटावून होते तिथे एक दिवस अख्खं गाव हप्ता थांबवतं.

आकड्यांत सगळ्यात आधी ‘पार 30’ मागा, म्हणजे ज्या कर्जांचा हप्ता 30 दिवसांहून जास्त थकला आहे त्यांची एकूण शिल्लक आणि ती सगळ्या कर्जांच्या किती टक्के आहे. एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनी झपाट्याने वाढत असेल तर नवी कर्जं छेदात येऊन बसतात, आणि नवं कर्ज पहिले काही महिने थकत नाही. त्यामुळे टक्का आपोआप लहान दिसतो. आजची थकबाकी वर्षापूर्वीच्या कर्जरकमेने भागून बघा. त्याच वर्षात किती कर्जं निर्लेखित केली, म्हणजे बुडीत धरून हिशोबातून काढली, आणि किती दुसऱ्याला विकली, तेही त्यात मिळवा. भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मालमत्तेच्या तुलनेत कंपनीचं भांडवल, किमान 15 टक्के बंधनकारक आहे. 20 च्या वर असलेली बघा. आणखी एक गल्लत होते: संस्थेच्या कामकाजाची ग्रेडिंग वेगळी आणि रोख्याची परतफेड होईल का हे सांगणारं पतमानांकन वेगळं. जाहिरातीत पहिलं दाखवून दुसऱ्याचा भास केला जातो.

यानंतर नकाशा. पाच जणींच्या गटात एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघी भरतात, यावर गटकर्ज उभं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं, जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी पाचही जणी एकदम बुडतात आणि गटाची हमी कामाला येत नाही. 2010 साली आंध्र प्रदेशात राज्य सरकारच्या अध्यादेशानंतर वसुली कोसळली, तेव्हा एकाच राज्यात पसरलेल्या कंपन्या अडचणीत आल्या. त्यामुळे कोकणाबद्दल कितीही माया असली तरी सगळे पैसे कोकणात लावू नका. एका जिल्ह्यात संस्थेच्या एकूण कर्जाचे 2-3 टक्के असले तर ठीक.

आता पीअर-टू-पीअरची तयारी. सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून एका व्यक्तीला 50 लाखांची मर्यादा आहे. 10 लाखांपुढे जायचं असेल तर सीएकडून नक्त मालमत्तेचा दाखला लागतो. एका कर्जदाराला 50,000 पेक्षा जास्त देता येत नाही, आणि मुदत 36 महिन्यांच्या आत. पैसे प्लॅटफॉर्मच्या खात्यात जात नाहीत, एस्क्रो (त्रयस्थाच्या देखरेखीखालच्या) खात्यातून थेट कर्जदाराकडे जातात. कोणी कंपनीच्या नावावर यूपीआय करायला सांगितलं तर थांबा. प्लॅटफॉर्मला परताव्याची हमी देता येत नाही, तोटा पूर्ण तुमचा. म्हणून 2 लाख रुपये 80 जणांत अडीच-अडीच हजार वाटा. त्यातले 6 पूर्ण बुडाले तर 15,000 गेले, म्हणजे मुद्दलाचे साडेसात टक्के. आणि 14 टक्के लिहिलंय म्हणून 1 लाखावर वर्षाला 14,000 येतील असं धरू नका. मुद्दल दर महिन्याला परत येत जातं. बारा हप्त्यांत व्याज होतं 7,700 च्या आसपास. त्यातून प्लॅटफॉर्मचं शुल्क आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे आयकर.

कागदपत्रं फारशी नाहीत: पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक आणि नॉमिनीचं नाव. नॉमिनी भरायचा राहतो, तो आधी भरा. दर तिमाहीला पार 30 आणि निर्लेखित रक्कम एका वहीत उतरवा. सलग दोन तिमाही वाढ दिसली तर नवे पैसे थांबवा. जून-जुलैत परत आलेलं मुद्दल लगेच मासळीच्या किंवा पर्यटनाच्या कर्जात फिरवू नका. ते बचत खात्यात पडू द्या, ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्यावर प्लॅटफॉर्ममार्फतच मासळीवालीला द्या आणि जानेवारीअखेर काजूची बी बाजारात यायच्या आधी प्रक्रियावालीला.