काळ्या पाण्यानं तोडलेल्या दोन जिवलगांची कादंबरी कशी उभी करावी

आधी साल ठरवा. गाव, पात्रांची नावं, सुरुवातीचं वाक्य, सगळं नंतर. शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. आता तुळजापूर-नळदुर्गाकडची लिहिणारी पोरंपोरी माझ्याकडं हस्तलिखितं घेऊन येतात. बालपणीचे दोन मित्र, त्यातल्या एकाला काळ्या पाण्याची शिक्षा, अशी गोष्ट बऱ्याच जणांना लिहावीशी वाटते. पण साल अधांतरी ठेवलं की ती गोष्ट चाळीस-पन्नास पानांतच अडून बसते. कोर्ट कोणाचं, वाट कुठली, परत येण्याची आशा किती, हे सगळं सालावर ठरतं.

आपल्या भागाचंच बघा. मराठवाडा निजामाचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण १८५३ च्या तहानं धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख वऱ्हाडासोबत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. निजामाच्या फौजेचा, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटचा, खर्च थकला होता, त्यापोटी. कॅप्टन मेडोज टेलर याच काळात नळदुर्गाला बसून कारभार बघत होते. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. म्हणजे मधली सात वर्षं इथल्या माणसाचा न्याय इंग्रज साहेब करत होता, आणि आठव्या वर्षी तो साहेब, त्याची कचेरी आणि त्याचे कागद, सगळं उठून गेलं.

या विषयावर लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठं दान दुसरं नाही. १८५९ मध्ये पिराजीला शिक्षा झाली असं धरा. त्याचा मित्र हुसेन, गावच्या मुलाण्याचा पोरगा, मागं राहिला. वर्षभरानं हुसेन हिय्या करून नळदुर्गाला जातो, तर पिराजीचं काय झालं हे विचारायचं कोणाला? नवा कारभार फारसीत चालतो, कागदावर फसली साल, म्हणजे महसुली कारभाराचं वेगळं वर्ष, पडतं, आणि आधीच्या साहेबाच्या निकालाशी नव्या कारकुनाला देणंघेणं नसतं. हाच गुन्हा १८६१ मध्ये घडवलात तर खटला निजामाच्या अंमलात जातो आणि तुमची कादंबरीच वेगळी होते.

गुन्हा साधा ठेवा. १८५७ चं वारं आपल्याकडंही होतं. औरंगाबादच्या छावणीतले घोडेस्वार बिघडले, त्यातल्या काहींना तोफेच्या तोंडी दिलं. हैदराबादच्या रेसिडेन्सीवर १७ जुलै १८५७ ला हल्ला झाला आणि त्यापायी मौलवी अलाउद्दीन यांना अंदमानात पाठवलं. पण प्रत्येक पिराजीला बंडवाला करू नका. अंदमानात गेलेल्यांत दरोड्याचे आणि खुनाचे कैदी ढिगानं होते. सावकाराचं पेव फोडताना राखणदार मेला, एवढं पुरे. वाचक त्याच्यासाठी रडेलही आणि त्याला माफ करायला कचरेलही. मला ही ओढाताण फार मोलाची वाटते. हुतात्मा केलात की ती हातची जाते.

बालपणाला किती पानं द्यायची? मी म्हणते, थोडीच, पण ती दाट असू द्या. नदीत पोहणं, कैऱ्या चोरणं हे कुठल्याही गावचं आहे. आपली येळवस, म्हणजे शेतातला वेळअमावस्येचा सण घ्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवलेली, लसूण-जिऱ्याची. दोघं पोरं पिकाच्या कडेनं धावतायत, एकाच्या काखेत मडकं, दुसऱ्याच्या हातात पळी, आंबील शिंपडत ओरडतायत, ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे.’ मडकं कोणी धरायचं यावरून भांडण. ते नीट लिहा. त्यात कोण अडून बसतं, कोण सोडून देतं, एवढं दिसलं की दोघांचे स्वभाव वेगळे सांगायला नकोत. पुढं शिक्षा झाल्यावरच्या वर्षी हुसेन त्याच शेतात येतो आणि पिराजीच्या बापाला म्हणतो, “काका, औंदा मडकं बी मीच धरतो आन्‌ पळी बी.” यावर म्हातारा काही बोलला नाही तरी चालेल.

आता वाट. १८५९ मध्ये सोलापूरला रेल्वे नव्हती, ती १८६० मध्ये आली. म्हणजे पिराजी पायात बेड्या घालून, शिपायांच्या पहाऱ्यात गाव सोडणार. समुद्र त्यानं कधी पाहिलेला नाही. प्रवासाचं वर्णन लांबवू नका. तहान, बेडीनं सोललेला घोटा आणि बोटीवर कोणाच्या हातचं पाणी प्यायचं हा पेच, यांवर भागतं.

अंदमानाबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून लिहा. नव्या लेखकाचा पिराजी हटकून सेल्युलर जेलच्या कोठडीत बसतो. ते बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला पुरं झालं. पिराजीच्या वेळी तिथं होतं जंगल. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला आणि चॅथम, रॉस, व्हायपर या बेटांवर झाडं तोडून वसाहत सुरू झाली. ताप, हगवण, बेटावरच्या मूळ रहिवाशांचे हल्ले. पलीकडं चालत गेलं की ब्रह्मदेश लागतो अशा समजुतीनं कैदी पळत आणि मरत. दूधनाथ तिवारी नावाचा कैदी पळाला, वर्षभर अंदमानी लोकांत राहिला आणि १८५९ मध्ये परत येऊन त्यानं त्यांच्या हल्ल्याची आगाऊ खबर दिली. तुमचा पिराजी पोचतो त्याच सुमारास हे घडतंय. बराकीत याची चर्चा होणारच.

जगला वाचला तर कैद्याला काही वर्षांनी सवलतीचं तिकीट मिळे. मग तो स्वतःची शेती करून खाई, परवानगीनं तिथल्याच कैदी बाईशी लग्न करी. त्यांची बोली हिंदुस्तानी, मुलं तिथंच जन्मलेली. जन्मठेपवाल्याला चांगल्या वर्तणुकीवर साधारण वीस ते पंचवीस वर्षांनी सुटका मिळू शके. आता बसून विचार करा. पिराजीला तिथं बायको आहे, दोन लेकरं आहेत, भाताचं खाचर आहे. त्याला परत यायचंय का? याचं उत्तर लिहायच्या आधी स्वतःशी पक्कं करा.

आणि इथंच माझं मुख्य सांगणं. निम्मी कादंबरी मागं राहिलेल्याला द्या. अंदमानात घडणारं सगळं ठसठशीत असतं, म्हणून लेखक तिकडंच रमतो आणि हुसेन शेवटच्या प्रकरणात पांढरी दाढी घेऊन उगवतो. दोघांमध्ये पत्रांची ये-जाही घालू नका. अक्षरशत्रू कैदी आणि कारभार बदललेला मुलूख, पत्र येणार कुठून? बातमी न येणं हेच हुसेनचं कथानक आहे. तो मौलवीकडं जाऊन फारसी गिरवतो, अर्ज लिहितो, सोलापूरच्या बाजारात दूरदेशीच्या माणसांना विचारत फिरतो.

मधला सगळ्यात अवघड प्रसंग बाराव्या वर्षी येतो. बारा वर्षं खबर नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं, असा विधी आहे. माझ्या आजीच्या माहेरी असा विधी झाला होता, ती सांगायची. पिराजीच्या घरचे तो करायला निघतात. पहिल्या बायकोचं कुंकू पुसलं जाणार, भाऊबंद जमीन वाटून घेणार. गावात एकटा हुसेन म्हणतो की तो जिवंत आहे, आणि त्याच्याकडं पुरावा काहीच नाही. या प्रकरणाला घाई करू नका. पानं कोण आणतं, बायको कुठं बसते, हुसेनला वाड्यात घेतात की दारातच थांबवतात, सगळं लिहा.

पिराजी परत आलाच तर १८८० च्या आसपास येईल. मधे १८७६ ते ७८ चा दुष्काळ होऊन गेलाय. सोलापुरापर्यंत तो आगगाडीनं येईल, गावात निम्मी घरं पडलेली असतील, आणि ज्याचे दिवस घातलेत त्याला पंगतीला कसं बसवायचं यावर पंचांची बैठक बसेल. भेटीत दोघांना मोठमोठी वाक्यं देऊ नका. पिराजीच्या तोंडी हिंदुस्तानी शब्द येतात, हुसेन कानानं कमी ऐकतो, तेवढ्यावर अख्खं प्रकरण चालतं.

कागदांसाठी मुंबईचं आणि संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय, हैदराबादचं राज्य अभिलेखागार आणि दिल्लीतलं राष्ट्रीय अभिलेखागार, या चार जागा धरा. मोडी शिकून जा. फारसी येत नसेल तर येणारा माणूस सोबत न्या आणि त्याला मेहनताना द्या. नळदुर्गाचा किल्ला मात्र उन्हाळ्यात बघा, दुपारी बाराला. पिराजीला बेड्या घालून काढलं तो महिना पावसाळ्याचा ठेवला असेल, तर पुन्हा श्रावणात जा.