जुने ऑरोरा मोजताय? या चुका टाळा

ऑरोरा म्हणजे सूर्यावरच्या खळबळीमुळे रात्रीच्या आभाळात उमटणारा प्रकाश. त्याच्या जुन्या नोंदींवरून सूर्याचा इतिहास काढायचा म्हटलं, की नवखी मंडळी पहिल्याच संध्याकाळी आलेख काढायला बसतात. तारखा तपासायचा मात्र कंटाळा.

मीही असाच बसलो होतो. मौंडर मिनिमम, म्हणजे १६४५ ते १७१५ हा सौरडागांचा दुष्काळ, कसा सरला ते मला दाखवायचं होतं. आलेखाच्या टोकाला तीन काठ्या उभ्या राहिल्या: ६ मार्च १७१५, ६ मार्च १७१६, १७ मार्च १७१६. सूर्य जागा झाला म्हणून मी खूश! मग कधीतरी तिन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचली आणि पोटात गोळा आला. रात्र एकच होती. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने लंडनमधून पाहिलेला तो गाजलेला ऑरोरा मी तीनदा मोजला होता. इंग्लंड तेव्हा जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर, पलीकडे फ्रान्स आजच्या ग्रेगरियनवर. फरक ११ दिवसांचा. शिवाय इंग्लंडचं सरकारी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून ६ मार्चला तिथे अजून १७१५च. स्वीडनची तऱ्हा तर त्याहून न्यारी: १७०० पासून ज्युलियनच्या एक दिवस पुढे, आणि ते निस्तरायला १७१२ साली चक्क ३० फेब्रुवारी.

तेव्हापासून मूळ तारीख मी जशीच्या तशी पेनाने लिहितो, शेजारी गाव, आणि बदललेली तारीख पेन्सिलने. ऑनलाइन कन्व्हर्टर वापरा हवं तर, पण नोंद कुठल्या गावची हे त्याला कळत नाही.

चिनी नोंदींत ‘पांढरं इंद्रधनुष्य’ दिसलं की थांबा. पुष्कळदा ते चंद्राभोवतीचं खळं असतं. त्या रात्रीची तिथी काढा, म्हणजे चंद्र किती मोठा होता ते कळेल; दोन मिनिटांचं काम आहे.

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोचा आणि रोमचा ऑरोरा एकाच मापाने मोजू नका. उत्तरेत तो सूर्य शांत असतानाही दिसतो, आणि उन्हाळ्यात तर तिथे अंधारच पडत नाही. मी दक्षिणेकडच्या नोंदींनाच भाव देतो.

आजचे भूचुंबकीय अक्षांश, म्हणजे चुंबकीय ध्रुवापासूनच्या अंतरावरून मोजलेले अक्षांश, १२०४ सालच्या जपानमधल्या क्योटोच्या नोंदीला लावू नका. चुंबकीय ध्रुव तेव्हा आशियाकडे कलला होता.

आणि ‘नोंद नाही, म्हणजे सौरवादळ नाही’ हे तर ऐकवतच नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतून ऑरोरा दिसल्याची बातमी छापून आली. सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. एक हिवाळ्यातलं, दुसरं ऐन पावसाळ्यातलं. मुंबईचं सप्टेंबरातलं आभाळ ज्याने पाहिलंय, त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या नोंदींवर या दोन वादळांची तुलना करून दाखवावी.