जुना ट्रॅक्टर दम देत नसेल, तर पंपाला शेवटी हात लावा

नांगर जमिनीत उतरला की आरपीएम पडतो, नेहमीच्या शेतात एक गिअर खाली घ्यावा लागतो, चढावर इंजिन गुदमरते. मशागतीच्या तोंडावर जुन्या ट्रॅक्टरची ही तक्रार हमखास येते. मग पहिला संशय फ्युएल पंपावर, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपावर, जातो आणि कुणीतरी पाना घेऊन पंपाचा सीलबंद स्क्रू फिरवतो. असे करू नका. इंजिनाला हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) या तीन गोष्टी लागतात. त्या स्वस्तापासून महागाकडे तपासत गेले, तर बरेचदा पंप उघडण्याची वेळच येत नाही.

आधी दोष खरोखर इंजिनाचाच आहे का, ते ठरवा. लोड आल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, अशी स्थिती असेल तर क्लच प्लेट घसरते आहे किंवा टायर जागीच फिरत आहेत. थोडे अंतर चालवल्यावर एका बाजूचा ब्रेक ड्रम तापत असेल तर ब्रेक चिकटला आहे. झिजलेले फाळ आणि वाढवलेली खोली यांचा भारही इंजिनावरच येतो.

मग ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हाताचा एक्सलेटर पूर्ण ओढा. पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का, हे दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. जुन्या ट्रॅक्टरात रॉडचे सांधे झिजून लिव्हर थोडा अलीकडेच थांबतो. गव्हर्नरपर्यंत (लोडनुसार डिझेल कमी-जास्त करणारा पंपाचा भाग) पूर्ण हुकूम पोचत नसेल तर बाकी सगळे ठीक असूनही ताकद मिळत नाही. रॉडची लांबी जुळवली की काम होते, खर्च काही नाही.

आता धूर पाहा, तोही लोडवर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, किंवा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल नीट फवारत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे. आणि जिथे बरेचजण फसतात ती खूण अशी: ताकद कमी आहे, पण सायलेन्सरमधून धूर जवळजवळ नाहीच. अशा वेळी इंजिनाला पुरेसे डिझेलच मिळत नाही.

काळा धूर असेल तर एअर क्लीनरपासून सुरुवात करा. ऑइल बाथ (हवेतली धूळ ऑइलमध्ये अडकवणारा) क्लीनर असेल तर खालची वाटी काढा, तळाचा गाळ टाकून द्या, वाटी आणि जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या आणि नवे ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेले ऑइल इंजिन ओढून घेते आणि मग इंजिन ताब्यात राहत नाही. धुळीत काम चालू असताना ही वाटी रोज बघावी. क्लीनर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) हा रबरी होज चिरला नसल्याची खात्री करा. तिथून आत गेलेली धूळ सिलिंडरचा लायनर आणि पिस्टनच्या रिंगा खाते. सायलेन्सर काजळीने बुजला असेल तर तोही साफ करा.

धूर नसलेल्या ट्रॅक्टरात डिझेलची वाट शोधायची, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. काही वेळ ट्रॅक्टर छान चालतो, मग मरगळतो, थोडा उभा ठेवला की पुन्हा चालतो, असे होत असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. झाकण सैल करून चालवून बघा, लगेच कळेल. नंतर फीडपंपाकडे (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) येणारा पाइप सोडा. टाकी वर असेल तर डिझेल भरल्या धारेने यायला हवे. धार बारीक असेल तर टाकीतल्या जाळीत किंवा कॉकमध्ये गाळ आहे. फीडपंपाची जाळी आणि गाळाची वाटी साफ करा. कागदी फिल्टर धुऊन परत बसवू नका, दोन असतील तर दोन्ही बदला. त्यानंतर फीडपंपावरचा हातपंप मारत आधी फिल्टरवरची आणि मग फ्युएल पंपावरची एअर काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. एअर पुन्हा पुन्हा येत असेल तर टाकी ते फीडपंप या भागातले वॉशर आणि होज तपासा. या ओढणीच्या बाजूला गळती असली तरी डिझेल टपकेलच असे नाही, हवा मात्र आत जाते.

डिझेल पुरेसे येते आहे, तरी इंजिन असमान चालते? मग मंद आरपीएमवर नोझलच्या पाइपचे नट एकेक करून थोडे सैल करा. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. चष्मा आणि हातमोजे घाला, हात धारेसमोर कधीही आणू नका. या दाबाचे डिझेल कातडीत घुसते. तसे झाले तर जखम बारीक दिसली तरी ताबडतोब डॉक्टरकडे जा. संशयित नोझल, वॉशर नवे घालून, शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. दोष सोबत गेला तर नोझल खराब आहे. जागीच राहिला तर आधी टॅपेटची फट (व्हॉल्व्हजवळचे अंतर) मॅन्युअलप्रमाणे जुळवा आणि मग कॉम्प्रेशनकडे वळा.

ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) जोराने धूर येणे ही रिंगा झिजल्याची खूण. खात्रीसाठी डिझेल इंजिनाचाच कॉम्प्रेशन गेज वापरा, पेट्रोलचा चालत नाही. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइल चमचाभरापेक्षा जास्त घालू नका, पिस्टन वर अडकून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचे तापमान राखणारा झडपेसारखा भाग) कुणी काढून टाकला असेल तर तो परत बसवा. इंजिन थंड राहिले की ताकदही कमी आणि झीजही जास्त.

हे सगळे नीट असेल तरच पंप. पंप 'वाढवून' जादा सोडलेले डिझेल हवेअभावी अर्धवट जळते, लायनरवरचे ऑइल धुऊन काढते आणि पिस्टन तापवते. पंप उतरवण्याआधी टायमिंगच्या (डिझेल नेमके केव्हा फवारायचे त्या वेळेच्या) खुणा करून ठेवा आणि तो नोझलसकट टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवायला, द्या. परत बसवल्यावर टायमिंग मॅन्युअलप्रमाणे तपासून घ्या, आणि लोड न देता पूर्ण एक्सलेटरला किती आरपीएम येतो तो आकडा बोनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या हंगामात तपासणी त्या आकड्यापासून सुरू करता येईल.