एक्स्टिंक्शन करताय पण वागणं कमी होत नाहीये? या चुका टाळा

एबीए (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, म्हणजे मुख्यतः ऑटिस्टिक मुलांसाठी वापरली जाणारी, वागणं बदलण्याची पद्धत) थेरपी सुरू झाली की घरी आणि शाळेत सगळ्यात आधी जो सल्ला पोचतो तो म्हणजे "लक्ष देऊ नका, आपोआप कमी होईल". मग आईवडील मन घट्ट करून लक्ष देणं बंद करतात, मूल आणखी जोरात ओरडतं, दोन-चार दिवसांत कुणाचा तरी धीर सुटतो आणि मग सगळे म्हणतात की हे एक्स्टिंक्शन वगैरे आमच्या मुलाला लागू पडत नाही. खरं तर बहुतेक वेळा एक्स्टिंक्शन झालेलंच नसतं. त्या वागण्यातून मुलाला आतापर्यंत जे मिळत होतं नेमकं तेच मिळायचं बंद होणं, याला एक्स्टिंक्शन म्हणतात. काय मिळत होतं हेच माहीत नसेल तर बंद काय करणार?

कारण न शोधताच सुरुवात करणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच येतात. मुलाच्या अवघड वागण्यामागे ढोबळमानाने चार कारणं असतात: कुणाचं तरी लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीय, नको असलेल्या गोष्टीतून सुटका हवीय, किंवा त्या कृतीतूनच शरीराला काहीतरी मिळतंय. दुर्लक्ष करणं हा उपाय फक्त पहिल्या कारणाला लागतो, बाकी तिन्हींना त्याने काही फरक पडत नाही, उलट कधीकधी वाढतं.

शाळेतली नेहमीची गोष्ट घ्या. गणिताची वही समोर आली, मुलाने पान टरकावलं, पेन्सिल फेकली, बाईंनी अजिबात न रागावता, एक शब्दही न बोलता त्याला मागच्या बाकावर नेऊन बसवलं आणि वर्ग पुढे चालू ठेवला. बाईंना वाटतं आपण दुर्लक्ष केलं. मुलाच्या बाजूने बघा, वही गेली, गणित टळलं, म्हणजे हवं होतं तेच मिळालं, उद्या तो पान आणखी लवकर फाडणार. इथे एक्स्टिंक्शन म्हणजे पान फाडल्याने गणित टळणार नाही एवढंच. पण याचा अर्थ हात धरून जबरदस्तीने लिहून घ्या असा अजिबात नाही हे मला ठासून सांगायचंय, कारण एस्केप एक्स्टिंक्शनच्या (वागण्यातून सुटका मिळू न देण्याच्या) नावाखाली मुलांवर असली बळजबरी झालेली आहे आणि एबीए मधून गेलेल्या कितीतरी ऑटिस्टिक व्यक्तींनी मोठेपणी त्याबद्दल कडाडून बोललेलंही आहे. दहा गणितांच्या जागी दोन द्या, "ब्रेक हवा" असं सांगायला किंवा तसं कार्ड दाखवायला शिकवा, आणि कार्ड दाखवलं की लगेच ब्रेक द्या, नंतर बघू म्हणू नका.

ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये हेच तपासलं होतं. डोकं आपटून घेणारी तीन मुलं, बाहेरून बघितलं तर वागणं एकसारखं, पण तिघांची कारणं वेगळी, आणि ज्याच्या त्याच्या कारणाला जुळणारं एक्स्टिंक्शन वापरलं तेव्हाच फरक पडला. म्हणून आधी काही दिवस नुसतं लिहून काढा, वागण्याच्या आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं. तिसरा रकाना नीट भरला की बऱ्याचदा कारण आपोआप दिसायला लागतं. गुंतागुंत वाटली तर बिहेवियर अ‍ॅनालिस्टकडून (एबीएच्या तज्ज्ञाकडून) फंक्शनल असेसमेंट, म्हणजे वागण्यामागचं कारण शोधणारी तपासणी, करून घ्या.

शरीराला मिळणाऱ्या अनुभवासाठीचं वागणं असेल तर प्रश्नच वेगळा. आर्नोल्ड रिन्कोव्हर यांच्या 1978 च्या अभ्यासातलं एक मूल टेबलावर ताटली फिरवत बसायचं, त्याला तो आवाज आवडायचा, टेबलावर कार्पेट घातल्यावर आवाज यायचा बंद झाला आणि ताटली फिरवणंही कमी झालं. तिथे कुणी कितीही तोंड फिरवून बसलं असतं तरी काही झालं नसतं. आणि माझं मत विचाराल तर ज्या हालचालीने कुणाला इजा होत नाही, मुलाचं शिकणंही अडत नाही, डोलणं म्हणा, हात हलवणं म्हणा, ती बंद करायच्या मागे लागूच नका, त्याला ती लागते.

अर्धवट दुर्लक्ष

कारण खरंच लक्ष हवं हे असेल तरी चुकायला जागा भरपूर आहे. "मी बघतच नाहीये हं तुझ्याकडे" असं म्हणणं हे लक्षच झालं. डोळे वटारणं, उसासा टाकणं, दुसऱ्या माणसाकडे बघून "बघ कसा करतोय" म्हणणं, सगळं लक्षच. चेहरा साधा ठेवा, हातातलं काम चालू ठेवा, आणि खोलीतच राहा. दुर्लक्ष त्या वागण्याकडे करायचंय, मुलाकडे नाही. किंचाळणं थांबून त्याने तुमचा हात धरला, एखादा शब्द काढला, की त्याच क्षणी वळा आणि मनापासून बोला, तिथे राग धरून बसू नका. दिवसभरात त्याने काही न करताही तुमचं लक्ष भरपूर मिळू दे, लक्षाची भूक भागलेली असेल तर मागणी मुळातच कमी होते.

वाढलं म्हणून घाबरून सोडून देणं

रिमोट चालला नाही की आपण तेच बटण आणखी जोरात दाबतो, मूलही तेच करतं. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, वागणं काही काळ जास्त वेळा, जास्त वेळ, जास्त जोरात होतं, कधी रडणं, मारणं अशा नव्या गोष्टीही येतात. सगळ्यांना होतोच असं नाही. डोरोथिया लर्मन यांच्या 1999 च्या अभ्यासात स्वतःला इजा करून घेणाऱ्या 41 जणांपैकी जवळपास निम्म्या जणांमध्ये बर्स्ट किंवा आक्रमकता दिसली, आणि जिथे एक्स्टिंक्शनच्या जोडीला दुसरे उपाय होते तिथे हे प्रमाण बरंच कमी होतं.

नेमकं या शिखरावर आपण हार मानली तर काय होतं बघा. साध्या ओरडण्याने मोबाईल मिळाला नाही, वीस मिनिटं डोकं आपटल्यावर मिळाला, म्हणजे मूल आता डोकं आपटायला शिकलं. वर कधी मिळतो कधी नाही असं झालं की ते वागणं सुटणं अजूनच अवघड जातं, कारण कधीतरी मिळेल ही आशा टिकून राहते. म्हणून सुरू करण्याआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, आज मला हे शेवटपर्यंत निभावता येईल का? पाहुणे आहेत, प्रवास आहे, तुम्हीच आजारी आहात, अशा वेळी द्यायचंच असेल तर पहिल्या साध्या मागणीलाच देऊन टाका, आरडाओरडा सुरू व्हायच्या आधी. घरातल्या प्रत्येकाला प्लॅन माहीत हवा, आईने नाही म्हटलं आणि आजीने मागच्या खोलीत नेऊन दिलं तर कुणाचीच मेहनत कामी येत नाही.

आता बर्स्ट आहे की कारणच चुकलंय हे कसं ओळखायचं? आकडे लिहा. किती वेळा आणि किती मिनिटं, एवढं पुरे, आणि ते सुरू करायच्या आधीपासून लिहा. बर्स्ट वर जाऊन खाली यायला लागतो. आकडे दिवसेंदिवस आहे तिथेच अडकलेत किंवा चढतच चाललेत तर ताणून धरू नका, थांबा आणि कारण पुन्हा तपासा, किंवा कुणी गुपचूप देतंय का ते बघा.

नुसतं बंद करणं, बदल्यात काही न देणं

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 मध्ये दाखवून दिलं की मुलाला जे हवंय ते मागायची सोपी पद्धत शिकवली की त्रासदायक वागणं कमी होतं. माझ्या मते याच्याशिवाय एक्स्टिंक्शन करूच नये. मूल मदत मागतंय, कंटाळा आलाय सांगतंय, आणि आपण त्याच्याकडे असलेला एकमेव मार्ग बंद करतोय, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. नवी पद्धत जुन्यापेक्षा सोपी हवी आणि सुरुवातीला दर वेळी लगेच फळणारी हवी, नाहीतर मूल पुन्हा जुन्याकडेच जाईल.

जिथे घरच्या घरी करू नये

डोकं आपटणं, चावणं, रस्त्याकडे पळणं, न खायच्या वस्तू गिळणं, यात बर्स्ट आला तर जिवावर बेतू शकतं. हे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच, आणि इजा थांबवायची सोय आधी करून. वागणं अचानक सुरू झालं असेल तर पहिल्यांदा डॉक्टर: कान दुखणं, दात दुखणं, बद्धकोष्ठता हे न बोलणारं मूल वागण्यातूनच सांगतं. दुखण्यावर एक्स्टिंक्शन लावायचं नसतं.

परत आलं म्हणजे फेल गेलं असं समजणं

बंद झालेलं वागणं काही दिवसांनी अचानक डोकं वर काढतं, हे अपेक्षितच आहे. कार्ल विल्यम्स यांनी 1959 मध्ये 21 महिन्यांच्या एका मुलाची नोंद लिहिली, झोपायच्या वेळी आईवडील खोलीबाहेर पडले की तो आकांत करायचा. डॉक्टरांकडून तब्येतीची खात्री करून घेऊन त्यांनी परत आत जाणं बंद केलं. पहिल्यांदा तो 45 मिनिटं रडला, दहाव्या वेळेपर्यंत कुरकुरही उरली नाही. साधारण आठवड्याने त्याच्या मावशीने झोपवलं, तो ओरडला, ती परत आत गेली आणि झोपेपर्यंत बसून राहिली, की सगळं पुन्हा सुरू झालं. मग तीच पद्धत नव्याने करावी लागली, रडणं पुन्हा कमी होत शून्यावर आलं, आणि पुढच्या दोन वर्षांत झोपायच्या वेळचा आकांत परत झाला नाही.